जर्मनीहून आलेलं स्तोत्र

माझी मुलगी कामानिमित्त बर्लिनला असते. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर तिच्याकडे राहून आले. एके सकाळी घराखालच्या दुकानात दूध आणि काकड्या घ्यायला गेले होते. पैसे द्यायच्या रांगेत उभी असताना दुकानातल्या स्पीकरवर ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ लागलं. बोनी एमचं, १९७८ सालचं. माझ्या पुढच्या आजीबाई पिशवी भरता भरता मान डोलवत होत्या. गल्ल्यावरचा पोरगा, ज्याचा तेव्हा जन्मही झाला नसेल, तोंडातल्या तोंडात गुणगुणत होता. मला मात्र भायखळ्याचं आमचं जुनं घर दिसायला लागलं, काळोखातली गॅलरी आणि आजोबांचा चेहरा. माझा नंबर आला तरी मला कळलं नाही. मागच्या माणसाने हलकेच खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आले.

इथे मी एरवी मशिदी, आडनावं, कोकणातली गावं असल्या विषयांवर लिहिते. आज एका पॉप गाण्यावर लिहायचं आहे. पण त्या गाण्याचे शब्द आपल्या तेफिलातले आहेत, आणि ते आमच्या घरी ज्या रात्री पहिल्यांदा ऐकू आलं ती रात्र बिरड्याच्या रोजाची होती. म्हणून हाही आपलाच इतिहास आहे असं मी धरते.

बिरड्याच्या रोजाची रात्र

तिशा बेआब, म्हणजे आब महिन्याची नववी तारीख. जेरुसलेमचं पहिलं देवालय बाबेलच्या लोकांनी पाडलं आणि दुसरं रोमनांनी, त्या दोन्हींच्या शोकाचा हा उपास. तो सोडताना मोड आलेल्या वालांचं बिरडं करायचं, म्हणून आपल्या लोकांनी त्याला नावच बिरड्याचा रोजा दिलं. १९७८ साली आबची नववी शब्बाथला आली. शब्बाथला शोक करत नाहीत, त्यामुळे रोजा एक दिवस पुढे गेला. १२ ऑगस्टला शनिवारी संध्याकाळी सुरू झाला आणि १३ला रविवारी दिवे लागल्यावर सुटला.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. शनिवारी रात्री आम्ही सगळे आग्रीपाड्याच्या मागेन हसिदीम मशिदीतून परत येत होतो. मशिदीत त्या रात्री दिवे मंद असतात. माणसं बाकांवर न बसता जमिनीवर बसतात. हझान विलापगीत वाचतात, आणि आपल्या सफार्दी पद्धतीप्रमाणे दाविदाच्या स्तोत्रांतलं १३७वं स्तोत्रही म्हटलं जातं. त्यात बाबेलच्या नद्यांच्या काठी बसून रडणारे बंदिवान आहेत. त्यांनी आपल्या वीणा झाडांना टांगून ठेवल्यात, आणि ज्यांनी त्यांना धरून आणलं तेच त्यांच्याकडे गाण्याची फर्माइश करताहेत. परमुलखात देवाचं गाणं म्हणायचं तरी कसं, असा त्या बंदिवानांचा सवाल आहे.

हे सगळं डोक्यात घेऊन जिना चढलो, तर गॅलरीत मोठ्याने गाणं लागलेलं. शेजारचे गोवेकर काका बोटीवर होते. आठ-आठ महिने बाहेर असायचे आणि आले की त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर अखंड चालू. ते दारातच उभे होते. आजोबांना पाहून खूश होऊन म्हणाले, “या या! तुमच्यासाठीच लावलंय. तुमच्या बायबलातलं गाणं आहे. हँबुर्गला तर जो तो हेच वाजवतोय.” त्यांना आमचा रोजा ठाऊक नव्हता. त्यांच्या मनात फक्त आपुलकी होती.

आजोबा थबकले. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, शब्द त्यांनी लगेच ओळखले. अर्ध्या तासापूर्वी जमिनीवर बसून जे म्हटलं, तेच ढोलाच्या ठेक्यावर चाललं होतं. माझा धाकटा काका चोवीस वर्षांचा होता, त्याचा पाय नकळत ताल धरत होता. गोवेकर काकांनी कॅसेट काढून आजोबांच्या हातात दिली. बोटीवरच्या एका मित्राने हँबुर्गला रेडिओवरून भरून दिलेली साधी कॅसेट होती. आजोबांनी चष्मा लावून वरची बारीक अक्षरं वाचली. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’. त्यांनी ती शांतपणे परत दिली, “थँक यू” म्हणाले, आणि घरात आले.

दार लावल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. या देशातून आलेलं दाविदाचं स्तोत्र माझ्या दारात नको, तेही आजच्या रात्री, हा त्यांच्या बोलण्याचा सारांश. काका म्हणाला, “अहो दादा, गाणारे काळे लोक आहेत, जर्मन नाहीत.” त्यावर आजोबा आणखी चिडले. मग आजी जमिनीवर बसल्या बसल्याच बोलली, “अहो, रोजा आहे, आवाज कशाला चढवता? शब्द आपले, चाल दुसऱ्याची. कीर्तनात आपण तरी दुसरं काय करतो?”

आजोबा काही बोलले नाहीत. पण आजीचं ते वाक्य मला अजून पुरतं आहे.

आजोबांचं जर्मनीशी काय होतं

आमच्या घरी जर्मन वस्तू येत नसे. पेन नाही, घड्याळ नाही, सुईसुद्धा नाही. आपण बेने इस्राएल लोकांनी युरोपातला छळ भोगलेला नाही. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं गलबत, सात जोडपी, घाण्यावर तेल गाळणारे शनवार तेली, अशी आपली कथा. तिच्यात शेजाऱ्याने घर जाळल्याचं एकही प्रकरण नाही. मग आजोबांना इतका राग का?

त्याचं कारण गोदी. आजोबा तरुणपणी गोदीत कारकून होते. १९३८-३९च्या सुमारास इटालियन बोटींनी जर्मनी-ऑस्ट्रियातले ज्यू मुंबईला उतरत. हातात एखादी पेटी, अंगावर उन्हाला न सोसणारे लोकरी कोट, आणि त्यात डॉक्टर, वकील, वादक अशी शिकलेली माणसं. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत १९३४ पासून ज्यूइश रिलीफ असोसिएशन काम करत होती. त्याच काळात, १९३७-३८ साली, आपले डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर होते. म्हणजे एका देशात ज्यूंना बागेतल्या बाकावर बसायची बंदी, आणि इथे ज्यू शहराचा महापौर. महायुद्ध सुरू झालं तेव्हा तर इंग्रज सरकारने या निर्वासितांनाही ‘शत्रूदेशाचे नागरिक’ म्हणून पकडलं. अहमदनगरच्या छावणीत ज्यू आणि नाझी काही काळ एकत्र होते. पुढे चौकशी होऊन ज्यूंना सोडण्यात आलं. आजोबा हे सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत. त्यातलं काही त्यांनी खरंच पाहिलं होतं.

एका गाण्याचा प्रवास

आता गाण्याकडे वळू. काका म्हणाला ते बरोबर होतं, आणि आजोबांचंही चूक नव्हतं.

हे गाणं मूळ जमैकातलं. १९७० साली द मेलोडियन्स नावाच्या तीन गायकांनी ते रेकॉर्ड केलं. त्यातल्या ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी ते रचलं. दोघेही रास्ताफारी पंथाचे. गुलाम करून आफ्रिकेतून नेलेल्यांच्या वंशजांचा हा पंथ. बायबलातल्या इस्राएलांची कहाणी त्यांना आपलीच वाटते. त्यांच्या बोलीत बाबेल म्हणजे गोऱ्यांची जुलमी सत्ता, सियोन म्हणजे इथिओपिया. त्यामुळे त्यांच्या मूळ गाण्यात देवाच्या जागी सम्राट हेले सेलासी यांना उद्देशून असलेले रास्ता शब्द होते.

फ्रँक फारियान या जर्मन निर्मात्याने १९७८ साली ते उचललं, रास्ता शब्द काढून तिथे पुन्हा बायबलातले शब्द घातले आणि बोनी एमकडून गाऊन घेतलं. बोनी एम हा त्यानेच बांधलेला संच. लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट जमैकाच्या, मेझी विल्यम्स मॉन्सेरातची, बॉबी फॅरेल अरूबाचा. रेकॉर्डवर गाणाऱ्या मुख्यतः लिझ आणि मार्शिया, पुरुषी आवाज स्वतः फारियानचा. बॉबी फक्त नाचायचा. पश्चिम जर्मनीत हे गाणं १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ब्रिटनमध्ये पाच आठवडे, आणि तिथे त्याच्या जवळजवळ २० लाख प्रती खपल्या.

या गाण्यात दोन स्तोत्रांचे तुकडे जोडलेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एक १३७वं. दुसरा तुकडा १९व्या स्तोत्राचं शेवटचं वचन आहे, तोंडचे शब्द आणि मनातलं चिंतन देवाला मान्य होवो असं मागणारं. ते वचन आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. अमिदाच्या शेवटी ते येतं. जो माणूस रोजच्या तिन्ही तेफिला करतो, तो ते रोज तीनदा म्हणतो. म्हणजे त्या वर्षी जर्मनीतले नाचघरातले तरुण आपल्या अमिदातलं वाक्य घोकत होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आणि काय गाळलंय तेही बघण्यासारखं आहे. १३७व्या स्तोत्रात पुढे जेरुसलेमला न विसरण्याची शपथ आहे आणि शेवटी सूडाची फार कठोर भाषा आहे. गाणं त्याआधीच थांबतं. सवाल राहतो, शपथ आणि सूड राहत नाही. नाचायच्या गाण्यात ते बसलंही नसतं.

फारियानचा जन्म १९४१चा, कीर्न गावचा. त्याचा बाप सैन्यात होता आणि मुलगा जन्मायच्या आधीच युद्धात मारला गेला. पोरगा स्वयंपाक्याचं काम शिकला, मग गाण्यात शिरला. ज्या पिढीने ज्यूंना हाकललं त्या पिढीचा तो नव्हे, तिच्या पाठची पिढी. जानेवारी २०२४ मध्ये तो वारला. त्याने हे गाणं काही प्रायश्चित्त म्हणून केलं नाही. त्याला चाल आवडली, ती खपेल असं वाटलं, आणि ती खपली. पण काळ बघा. त्या गाण्याच्या उन्हाळ्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी १९७९ मध्ये, ‘होलोकॉस्ट’ ही अमेरिकन मालिका पश्चिम जर्मनीत टीव्हीवर दाखवली गेली. कोटीच्या वर लोकांनी ती पाहिली, आणि अनेक घरांत मुलांनी आईबापांना पहिल्यांदा विचारलं की तुम्ही तेव्हा काय करत होता. हद्दपारांचं गाणं त्यांनी आधी गायलं, हद्दपारीबद्दल नंतर विचारलं.

सोनेरी घुमटाखाली

दुकानातल्या त्या प्रसंगानंतर मी मुलीला म्हटलं, मला ओरानीयनबुर्गर श्ट्रासेवरची मशीद बघायची आहे. तिचा सोनेरी घुमट लांबून दिसतो. १८६६ साली ती उघडली तेव्हा तीत ३,२०० माणसांची सोय होती. आपल्या मुंबईच्या सगळ्या मशिदी एकत्र केल्या तरी इतकी माणसं मावतील का, असा विचार मनात आला.

इथे लुई लेवांडोव्स्की हा गायनप्रमुख होता. १८२१ ते १८९४ हा त्याचा काळ. त्याने काय केलं, तर मशिदीतल्या प्रार्थनांना जर्मन संगीताच्या चाली दिल्या, चार आवाजांचा कॉयर बसवला, ऑर्गनची साथ घेतली. स्तोत्रं जर्मन भाषेतही बसवली. जुन्या वळणाच्या लोकांनी ऑर्गनवरून नाकं मुरडली. पण बर्लिनच्या ज्यूंना वाटलं, हा आपला देश, ही आपली भाषा, मग देवाचं गाणं याच चालीत का नको?

त्यांच्या नातवंडांची पिढी मशिदीबाहेरही गात होती. १९२८च्या सुमारास बर्लिनमध्ये कॉमेडियन हार्मोनिस्ट्स नावाचा सहा जणांचा संच उभा राहिला, पाच गायक आणि एक पियानोवादक. गमतीची, प्रेमाची गाणी. रेडिओवर, ग्रामोफोनवर, सिनेमात तेच. त्या काळचे बोनी एमच म्हणा. सहांपैकी तिघे ज्यू होते. १९३५ साली नाझींनी त्यांना जर्मनीत गायला बंदी केली आणि संच फुटला. त्यातला रोमान सिकोव्स्की पुढे अमेरिकेत गेला आणि मशिदीत हझान झाला. पॉप गाणारा गळा पुन्हा स्तोत्रांकडे आला.

नोव्हेंबर १९३८च्या जाळपोळीत या मशिदीलाही आग लावली होती. विल्हेल्म क्र्युट्सफेल्ड नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने जाळणाऱ्यांना हाकललं आणि बंब बोलावले, म्हणून ती तेव्हा वाचली. १९४३ साली बाँब पडले, १९५८ साली मुख्य दालन पाडून टाकलं. आज दिसतो तो दर्शनी भाग आणि घुमट. आत गेल्यावर मागच्या काचेतून दिसतं ते मोकळं आवार. ३,२०० माणसं बसायची ती जागा.

तिथे उभं राहून मला आजीच्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. शेजाऱ्याच्या चालीत देवाचं गाणं गाणं आपल्या हातात असतं. शेजारी कसा निघेल, हे आपल्या हातात नसतं. बर्लिनच्या ज्यूंनी जे केलं तेच आपण कोकणात आणि मुंबईत केलं. त्यांनी काही कमी केलं नव्हतं. आपण जास्त शहाणे होतो म्हणून वाचलो असं नाही. आपल्याला शेजारी चांगले मिळाले.

रोज सकाळची धून

याच बर्लिनमधून आणखी एक सूर आपल्या घरात आला होता आणि आजोबांना तो कधी कळला नाही.

वाल्टर काउफमान हा बोहेमियातल्या कार्ल्सबादचा, जर्मन बोलणारा ज्यू. जन्म १९०७चा. बर्लिनच्या संगीत विद्यालयात शिकला, मग प्रागला. १९३४ साली तो मुंबईला आला. आल्यावर त्याला आपलं संगीत अजिबात कळेना. पण हे इतक्या लोकांना भावतं त्या अर्थी कमतरता माझ्यातच असणार, असं धरून तो शिकायला बसला. मुंबईत त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, सिनेमांना संगीत दिलं, आणि १९३७ ते १९४६ आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीची ती ओळखधून, खाली तंबोरा आणि वर शिवरंजनीच्या वळणाने जाणारं व्हायोलिन, ती त्याची. व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगतात.

आमच्याकडे सकाळी ती धून लागली की आजोबा घड्याळाला चावी देत. तेफिला आटोपलेली असे, आजीचा चहा उकळत असे. जर्मन घड्याळ घरात नको म्हणणारा माणूस आपलं घड्याळ रोज बर्लिनमध्ये शिकलेल्या माणसाच्या सुरावर लावत होता. मला हे कळलं तेव्हा आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कळलं असतं तर त्यांना राग आला नसता. काउफमान त्यांनी गोदीत पाहिलेल्या त्या लोकरी कोटवाल्यांपैकीच एक. पण त्यांना सांगायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आपली कीर्तनं

आजी ज्या कीर्तनाबद्दल बोलली त्याची हकीकत वाचकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. १८८०च्या आसपास मुंबईतल्या आपल्या काही शिकलेल्या लोकांना वाटलं, हिब्रू सगळ्यांना कळत नाही, पण कीर्तनाला सगळे जातात. मग हरिदासी कीर्तनाचा बाज उचलून त्यांनी आब्राहाम, योसेफ, मोशे, दाविद, एस्तेर यांची आख्यानं रचली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतलं मोठं नाव. साकी, दिंडी, आर्या, पदं, सगळं मराठी. छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर चाल दिलेली असे, आणि ती चाल नाटकातली, लोकांच्या ओठांवरची. जे तेव्हा गाजत होतं ते घ्यायचं आणि त्यात तोरातली गोष्ट बसवायची. तेव्हाही काही जणांनी नाकं मुरडली असतील. पण मशिदीत न येणारी माणसं कीर्तनाला यायची. पुढे कीर्तनकार कमी झाले. पदं राहिली ती बायकांच्या तोंडी. माझ्या आजीला योसेफाच्या आख्यानातली पदं पाठ होती.

म्हणजे त्या बंदिवानांच्या सवालाला आपण बेने इस्राएलांनी आपलं उत्तर कधीच देऊन टाकलं होतं. परमुलखात देवाचं गाणं कसं गायचं? पेटी-तबल्यावर, मराठीत. आपल्यावर वीणा झाडाला टांगायची वेळच आली नाही.

काकाची कॅसेट

१९७९च्या सुरुवातीला काका इस्राएलला गेला. ओआरटीमध्ये फिटरचं काम शिकला होता, अश्दोदला नोकरी होती. त्या काळात आमच्या मजल्यावरची किती घरं अशी एकेक करून रिकामी झाली ते आठवतं. निघायच्या दिवशी गोवेकर काकांनी ती कॅसेट त्याला भेट दिली. काकाने आजोबांना न दाखवता बॅगेत टाकली.

तिकडे सगळं सोपं नव्हतं. आपले लोक पूर्ण ज्यू आहेत की नाही, हे ठरवून घ्यायला १९६४ साली बेने इस्राएलांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं होतं. काका गेला तोवर ते मिटलं होतं, पण तरी काकाच्या पत्रांतून काहीतरी टोचल्यासारखं जाणवायचं. ज्या जेरुसलेमसाठी दोन हजार वर्षं रोजे धरले, त्याच्या जवळ राहून त्याला भायखळ्याची आठवण येत होती. आता परमुलूख कुठला, हे त्याला समजेनासं झालं असावं.

१९८१ साली कोणा येणाऱ्याबरोबर त्याने तीच कॅसेट परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती. आईची पदं एका बाजूला भरून पाठवा, इथे कोणाला येत नाहीत.

रविवारी दुपारी आम्ही गोवेकरांचा टेपरेकॉर्डर आणला. आजीने पदर सारखा केला, एकदा खाकरली आणि योसेफाचं पद सुरू केलं. भावांनी खड्ड्यात टाकलेला, परदेशी विकला गेलेला योसेफ. पेटी नाही, तबला नाही, फक्त पंख्याची घरघर आणि मध्येच खालून भाजीवाल्याची आरोळी. आजी वीस-बावीस मिनिटं गायली. आजोबा आतल्या खोलीत पेपर वाचत असल्यासारखे बसले होते, पण पान उलटल्याचा आवाज एकदाही आला नाही.

मग ऐकून बघायला आम्ही कॅसेट मागे नेली. आजीचं शेवटचं पद संपलं, बटण दाबल्याचा खट्ट आवाज आला, आणि पाठोपाठ, जिथपर्यंत आजीचा आवाज पोचला नव्हता तिथपासून, जुनं गाणं सुरू झालं. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’चा मधूनच सुरू होणारा शेवटचा भाग. अमिदातल्या त्या वचनाचा.

मी घाईने बंद करायला गेले. म्हटलं, हे पुसून टाकते. आजोबा दारात येऊन उभे होते. म्हणाले, “असू दे. पुसू नको.”

त्यांनी ते गाणं आवडल्याचं कधी म्हटलं नाही. जर्मन वस्तूही घरात आली नाही. १९८४ साली ते गेले.

बर्लिनहून परतल्यावर मी अश्दोदला काकाच्या मुलीला फोन केला. कॅसेट तिच्याकडे आहे. तिला मराठी समजतं, बोलायला अडखळते. तिने ती फोनवर उतरवून मला पाठवली. आवाज बराच विरलाय, पण पंखा ऐकू येतो, भाजीवाला ऐकू येतो, आजी ऐकू येते. आणि सगळ्यात शेवटी ते जमैकाचं, जर्मनीचं, दाविदाचं गाणं. काकाच्या मुलीने सांगितलं, लहानपणी तिला ते आजीच्या पदाचाच शेवट वाटायचा.

तुमच्या घरात, ठाण्याला असा की लोदला, माळ्यावरच्या एखाद्या डब्यात अशी कॅसेट असेल. पट्टी चिकटली नसेल तोवर उतरवून घ्या. त्यावरची आजी कोणत्या आख्यानातलं पद म्हणतेय ते विचारायला माणसं आता थोडीच राहिली आहेत. आणि पदाच्या मागेपुढे एखादं सिनेमाचं किंवा परदेशी गाणं राहिलेलं असेल, तर तेही राहू द्या.